अगदी कमी बजेटमध्ये जुनी पण भरवशाची गाडी: नेमकं बघायचं काय?

पहाटपाळी:
नमस्कार मंडळी. कामाची पाळी बदलून पहाटेची झाली आहे आणि त्या वेळेला बस नाही, त्यामुळे गाडी घेणं आता भाग आहे. नवीचा विषयच नाही. हाताशी जी रक्कम आहे तिच्यात जुन्या बाजारातल्या अगदी तळाच्या गाड्या येतात. जाहिरातींना 'कमी किंमत आधी' लावलं की पहिल्या पानावर दिसतात त्या. कर्ज काढायचं नाही. रोजचं जाऊन-येऊन साधारण 40 किमी, बराचसा मोकळा रस्ता. चार माणसं मावली पाहिजेत आणि पहाटे किल्ली फिरवली की सुरू झाली पाहिजे. दिसायला कशीही चालेल.

गाडी नीट चालवता येते, पण बॉनेटखालचं फारसं कळत नाही. सध्या दोन गाड्या डोक्यात आहेत.

अ: 14 वर्षं जुनी छोटी पेट्रोल हॅचबॅक, हाताने टाकायचे गिअर, 1,38,000 किमी, एकच मालक. रंग उडालाय, मागच्या दाराला पोचा आहे.

ब: 9 वर्षं जुनी डिझेल सेदान, ऑटोमॅटिक, मीटरवर 62,000 किमी. तिसरा मालक, विकणारा व्यापारी. चकचकीत. किंमत 'अ'पेक्षा थोडीशीच जास्त.

घरच्यांचा कौल 'ब'ला आहे. माझं ठरत नाहीये.

तिरकस:
डिझेल, ऑटोमॅटिक, फक्त 62 हजार, वर चकाचक, आणि किंमत 14 वर्षांच्या हॅचबॅकच्या शेजारी? त्या व्यापाऱ्याला लोककल्याणाची भलतीच हौस दिसते.

ग्रीसचे_हात:
गॅरेज चालवतो म्हणून लिहितोय. आधी पैशाचं बोलू, गाडीचं नंतर.

जवळ जेवढे पैसे आहेत तेवढ्याची गाडी घेऊ नका. चौथा हिस्सा बाजूला काढा आणि उरलेल्यात गाडी शोधा. हा हिस्सा पहिल्या महिन्यातच लागणार आहे: इंजिन ऑइल, सगळे फिल्टर, कूलंट, ब्रेक ऑइल, बहुतेक वेळा बॅटरी, आणि नशीब नसेल तर टायर. विकणारा माणूस विकायच्या आधीच्या वर्षात गाडीवर खर्च करत नाही, हे गृहीतच धरायचं. सगळे पैसे खरेदीत ओतणाऱ्याची गाडी पहिल्या दुरुस्तीला अंगणात उभी राहते, आणि मग ती अजून स्वस्तात विकली जाते. माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी गाड्यांची हीच कथा आहे.

दुसरं, या किमतीला मॉडेल आणि साल दुय्यम. गाडी कोणी आणि कशी वापरली हे आधी. वेळच्या वेळी तेल बदललेली कंटाळवाणी गाडी ही हयगय केलेल्या नावाजलेल्या गाडीपेक्षा कधीही बरी.

तिसरं, जेवढी साधी तेवढी चांगली. टर्बो नसलेलं पेट्रोल इंजिन, हाताचे गिअर, सनरूफ नाही, हवेचं सस्पेन्शन नाही. जी वस्तू गाडीत नाहीच ती बिघडत नाही. गाडी जुनी होते तशी तिची किंमत उतरते, पण तिच्या सुट्या भागांची किंमत उतरत नाही. भारी गाडी स्वस्तात मिळाली तरी तिचा गिअरबॉक्स भारी गाडीच्याच भावात येतो.

मागच्या_सीटवरून:
+1 ग्रीसदादा. पण डिझेल एवढं वाईट का? ॲव्हरेज तर चांगलं देतं.

ग्रीसचे_हात:
डिझेल वाईट नाही. जुनं डिझेल रिकाम्या खिशाला परवडत नाही, एवढंच.

साधारण गेल्या पंधरा वर्षांतल्या डिझेल गाड्यांवर काय काय असतं ते बघा: टर्बो, उच्च दाबाचे इंजेक्टर, धुराचा काही भाग परत इंजिनात फिरवणारा ईजीआर व्हॉल्व्ह, बऱ्याच गाड्यांत दोन तबकड्यांचं फ्लायव्हील, आणि सायलेन्सरच्या वाटेवर काजळी अडवणारा फिल्टर, डीपीएफ. हा फिल्टर स्वतःला साफ करतो तो आतलं तापमान 600 अंशांच्या आसपास नेऊन. त्यासाठी गाडी काही वेळ सलग बऱ्या वेगात चालावी लागते. गल्लीबोळात दोन-दोन किलोमीटर फिरलेली डिझेल गाडी ही संधीच देत नाही आणि फिल्टर तुंबतो. पहाटपाळींचा रस्ता मोकळा आहे, त्यांच्या हातात तो टिकेलही. आधीच्या तिघांनी काय केलंय, प्रश्न तिथे आहे. यातल्या कुठल्याही एका भागाने मान टाकली की 'ॲव्हरेज'मध्ये वाचवलेलं सगळं एका बिलात जातं.

आकडेमोड:
थोडं अवांतर. या बाजाराचं कोडं अर्थशास्त्रात गाजलेलं आहे. जॉर्ज अकरलॉफ यांनी 1970 साली जुन्या गाड्यांचंच उदाहरण घेऊन एक निबंध लिहिला. विकणाऱ्याला गाडीची खोट माहीत असते, घेणाऱ्याला नसते. म्हणून घेणारा सगळ्याच गाड्यांना मधला भाव देतो. तो भाव चांगल्या गाडीच्या मालकाला परवडत नाही, तो बाजारातून निघून जातो, आणि मागे खराब गाड्यांचं प्रमाण वाढत जातं. 2001 साली त्यांना स्पेन्स आणि स्टिग्लिट्झ यांच्यासोबत अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, त्यामागे हे काम होतं.

तिरकस:
म्हणजे चांगली गाडी मिळणारच नाही हे नोबेल देऊन सिद्ध झालंय. धागा बंद करा.

आकडेमोड:
उलट! माहितीची दरी जिथे कमी असते तिथे चांगली गाडी मिळते. दुरुस्तीच्या पावत्या, त्रयस्थ फिटरची तपासणी, परिचितांकडची गाडी, लेखी हमी, हे सगळे ती दरी बुजवायचे मार्ग. सरसकट सगळ्यांवर अविश्वास दाखवून काही हाती लागत नाही. कुठली गोष्ट तपासता येते आणि कुठली नाही हे वेगळं करायचं.

दुसरा_मालक:
मीटरबद्दल लिहितो, कारण 62,000 हा आकडा मलाही खटकला.

डिजिटल मीटर मागे फिरवता येत नाही असा एक गोड समज आहे. यंत्र जोडून तो पाहिजे तेवढा कमी करता येतो. आकडा फिरवला तरी झीज लपत नाही. क्लच आणि ब्रेकच्या पायट्यांवरचं रबर बघा. स्टिअरिंग कुठे गुळगुळीत झालंय ते हात फिरवून बघा. ड्रायव्हरच्या सीटची दाराकडची कड बसलीय का, गिअरच्या मुठीवरचे आकडे पुसलेत का. साठ हजारांत पायटीचं रबर लोखंडापर्यंत झिजत नाही. आणि पायट्यांची रबरं, सीट कव्हर, स्टिअरिंग कव्हर असं सगळंच नवंकोरं असेल तर ते का बदलावं लागलं असं विचारा. इंजिनखान्यात किंवा दाराच्या चौकटीवर आधीच्या सर्व्हिसचं स्टिकर राहून गेलेलं असतं, त्यावर किलोमीटर लिहिलेले असतात. पुसणारे ते विसरतात.

टायरवरही तारीख असते. टायरच्या बाजूला डीओटी अशी अक्षरं शोधा, त्यांच्या ओळीच्या शेवटचे चार आकडे बघा. 2319 म्हणजे 2019 सालचा 23वा आठवडा. 2000 सालापासून ही चार आकडी पद्धत आहे. संपूर्ण आकडा कधी कधी टायरच्या एकाच बाजूला असतो, त्यामुळे आतल्या बाजूलाही डोकवावं लागतं.

चाकोरी:
आणि काचा! प्रत्येक काचेच्या कोपऱ्यात बनवणाऱ्याची खूण आणि सालाचा आकडा असतो. सगळ्या काचा एका सालच्या आणि एकच वेगळी असेल तर ती कधीतरी फुटली आहे. दगडाने फुटली की धडकेत, ते विचारायचं. मग त्याच बाजूचे दार-बॉनेटमधले सांधे दोन्हीकडे सारखे आहेत का बघायचं. उजेडात, तिरकं उभं राहून. पावसात किंवा रात्री गाडी बघायला जाऊ नये, ओल्या पत्र्यावर कुठलाही रंग छान दिसतो.

हळूचालवा:
मॉडेलबद्दल कोणी बोलतच नाहीये. सरळ कोरोला, जॅझ, यारिस, स्विफ्ट यातलं काहीतरी घ्या की. कोरोला 1966 पासून निघतेय आणि 5 कोटींच्या वर विकली गेलीय, सुटे भाग कुठेही मिळतात.

ग्रीसचे_हात:
सुट्या भागांचं बरोबर. जी गाडी खूप विकली गेली तिचे भाग स्वस्त, ती उघडायला येणारे फिटर जास्त, आणि भंगारातूनही काम भागतं. हा मुद्दा कमी बजेटला फार मोलाचा.

पण नावावर जाऊ नका, साल आणि इंजिन बघा. टोयोटाचंच उदाहरण: 2007 ते 2009 च्या कॅमरीतलं 2.4 लिटरचं पेट्रोल इंजिन तेल पिण्यासाठी बदनाम आहे, कंपनीने त्यासाठी हमीची मुदत वाढवली होती. फोर्डच्या 2011 नंतरच्या फिएस्टा आणि 2012 नंतरच्या फोकसमधल्या कोरड्या दुहेरी क्लचच्या ऑटोमॅटिकवर अमेरिकेत खटले चालले. फोर्डचं 1.0 लिटरचं इकोबूस्ट आणि प्यूजो-सिट्रोएनचं 1.2 प्युअरटेक, या दोन्हींत बरीच वर्षं टायमिंग बेल्ट, म्हणजे व्हॉल्व्हची उघडझाप इंजिनाच्या फिरण्याशी जुळवणारा पट्टा, चक्क तेलात भिजून फिरायचा. बेल्ट झिजला की त्याचा भुगा तेलाच्या जाळीत जाऊन बसतो आणि इंजिनाला तेल कमी पडतं. त्याच कंपन्यांच्या बऱ्याच इतर इंजिनांना असलं काही होत नाही. म्हणून गाडी आवडली की नावासोबत साल आणि इंजिनाचा प्रकार टाकून शोध घ्या. त्या गाडीचे मालक कशाबद्दल रडतात ते पाच मिनिटांत कळतं.

मागच्या_सीटवरून:
सोबत फिटर न्यावा हे सगळे म्हणतात. पण बाईमाणूस गाडी बघायला गेलं की विकणारा फिटरशीच बोलतो, आपल्याकडे बघतही नाही. पहाटपाळी, तुम्ही ताई की दादा माहीत नाही, पण ताई असाल तर प्रश्न लिहून न्या आणि स्वतः विचारा. फिटरने तेवढा वेळ गाडीखाली असावं.

पहाटपाळी:
ताईच. 'ब' बघून आले. सांगते.

फोनवर "इंजिन गार ठेवा, मी येऊन सुरू करणार" असं सांगितलं होतं. पोहोचले तेव्हा बॉनेटला हात लावला तर चांगलं गरम. म्हणाले, "मॅडम, तुमच्यासाठी एक चक्कर मारून तयार ठेवली." किल्ली एक घर फिरवली तेव्हा इंजिनाचा, तेलाचा, बॅटरीचा दिवा लागला, एअरबॅगचा लागलाच नाही. पायट्यांची रबरं कोरी करकरीत. चालवताना छान वाटली, एसी गारेगार. फक्त 'पी'मधून 'डी'मध्ये टाकल्यावर एक क्षण काहीच होत नाही आणि मग धक्का देऊन गिअर पडतो. ते म्हणाले ऑटोमॅटिकचं असंच असतं. भावाकडचं छोटं स्कॅनर लावलं तर एकही बिघाड नाही, पण 'मॉनिटर' नावाच्या पानावर बहुतेक ठिकाणी 'अपूर्ण' असं आलं. तो फोटो बघून दादा म्हणतो बिघाड नाही म्हणजे गाडी उत्तम. तसंच ना?

ग्रीसचे_हात:
नाही ताई. एकेक घेऊ.

गरम इंजिन: रात्रभर थंड पडलेलं इंजिन पहिल्या मिनिटात जे बोलतं ते नंतर बोलत नाही. सुरू होताना निळसर धुराचा लोट म्हणजे व्हॉल्व्हच्या सीलमधून तेल उतरतंय. पांढरा धूर सकाळी थोडा असतोच, ती वाफ. इंजिन तापल्यावरही दाट पांढरा येत राहिला आणि गोडसर वास आला तर कूलंट जळतंय, म्हणजे हेड गॅस्केटची, इंजिनाचा वरचा आणि खालचा भाग यांच्यामधल्या सीलची, शंका. डिझेलला स्टार्टर किती वेळ मारावा लागतो तेही थंडीतच कळतं. तुम्ही स्पष्ट सांगूनही गाडी गरम करून ठेवली, याचा अर्थ मी तरी चांगला लावणार नाही.

एअरबॅगचा दिवा: किल्ली फिरवल्यावर तो काही सेकंद लागून विझायला हवा. लागलाच नाही म्हणजे बल्ब काढलाय किंवा तार तोडलीय. गाडी धडकली, एअरबॅग फुटल्या, नव्या बसवल्या नाहीत, दिवा पेटत राहायला लागला, म्हणून दिव्याचाच गळा आवळला, असं होतं. ही तब्येतीची नाही, जिवाची गोष्ट आहे.

'पी' ते 'डी' उशीर आणि धक्का: ऑटोमॅटिकचं असं नसतं.

आता स्कॅनर. गाडीचा संगणक बिघाडांचे संकेत साठवतो. अमेरिकेत 1996 पासूनच्या गाड्यांना स्कॅनर जोडायचं हे ओबीडी-2 सॉकेट सक्तीचं झालं, युरोपात पेट्रोलला 2001 आणि डिझेलला 2004 पासून. सॉकेट स्टिअरिंगच्या खाली आसपास असतं. संकेत पुसणं एका बटणाचं काम. पण पुसले की संगणकाच्या स्वतःच्या चाचण्याही शून्यावर येतात, आणि गाडी काही दिवस वेगवेगळ्या प्रकारे चालल्याशिवाय त्या पूर्ण होत नाहीत. तुम्हाला दिसलेलं 'अपूर्ण' तेच. बॅटरी काढली तरी असं होतं, म्हणून एकट्या या गोष्टीवरून मी कुणाला चोर म्हणणार नाही. पण गरम इंजिन, मुका एअरबॅग दिवा, धक्का मारणारा गिअर आणि कोरा संगणक एकाच गाडीत?

तिरकस:
लोककल्याण!

चाकोरी:
व्यापाऱ्यांना सरसकट झोडपू नका बरं का. लेखी हमी देणारे, गाडी उचलून खालून दाखवणारे व्यापारी असतात. माझी आधीची गाडी तशीच घेतलेली आणि त्रास झाला नाही. तोंडी हमीला मात्र काही किंमत नाही.

दुसरा_मालक:
व्यापारी असो की मालक, मी एकच प्रश्न विचारतो: "माझ्या फिटरकडे घेऊन जाऊ का? तपासणीचे पैसे मी देतो." नकार आला की पुढची गाडी.

पहाटपाळी:
'ब' बाद. घरी समजावलं, एअरबॅगचं ऐकल्यावर कोणी काही बोललं नाही.

'अ' आज बघितली. मालक निवृत्त गृहस्थ आहेत, आता डोळ्यांमुळे चालवत नाहीत. इंजिन थंडगार होतं, पहिल्या झटक्यात सुरू. धूर नाही. त्यांनी एक जाडजूड फाइल काढली, सगळ्या पावत्या तारखेनुसार लावलेल्या, प्रत्येकीवर किलोमीटर. एका पावतीवर तर "काही दोष आढळला नाही, उगाच आलात" असा शेरा आहे! फिटर सोबत होता. त्याने काढलेल्या गोष्टी:

इंजिनाच्या वरच्या झाकणाच्या कडेने तेल पाझरलंय, खाली थेंब नाही. तेलाच्या टोपीच्या आत फिकट कॉफीच्या रंगाची साय जमलीय, पण डिपस्टिकवरचं तेल स्वच्छ. क्लच खूप वर येऊन पकडतो. टायर चारही 8 वर्षांचे, नक्षी आहे पण बाजूला बारीक भेगा. पूर्ण वळवून चालवलं की डाव्या चाकातून टक्-टक् आवाज. दाराखालच्या पट्टीवर दोन ठिकाणी गंज. आणि टायमिंग बेल्ट बदलल्याची पावती सापडत नाही. मालक म्हणतात बदललाय, आठवत नाही कधी.

सायीमुळे मी घाबरलेय. हेड गॅस्केट म्हणजे हेच ना?

ग्रीसचे_हात:
अशी फाइल दिसली की मी अर्धा निर्णय तिथेच घेतो. आता यादी.

टोपीतली साय: तेलात पाणी मिसळलं की असा रंग येतो हे खरं. पण गाडी फक्त जवळच फिरत असेल तर इंजिन पुरतं तापत नाही, हवेतली वाफ सगळ्यात गार जागी, म्हणजे टोपीत, जमते. मालक हल्ली चालवतच नाहीत, तर हे अपेक्षित आहे. हेड गॅस्केट गेलं असतं तर डिपस्टिकवरही तोच रंग दिसला असता, कूलंटमध्ये तेलाची तवंगं दिसली असती, कूलंट कमी होत राहिलं असतं. तरी खात्री करा. टोपी पुसा, गाडी अर्धा तास मोकळ्या रस्त्यावर चालवा, तापमानाचा काटा मध्यावर स्थिर राहतो का बघा. मग इंजिन पूर्ण गार झाल्यावरच कूलंटचं झाकण उघडा, गरम असताना हात लावू नका, उकळतं पाणी अंगावर येतं. आणखी खात्री हवी तर फिटरला कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब, मोजायला सांगा. चांगल्या पेट्रोल इंजिनात ते साधारण 10 ते 14 बार येतं, पण आकड्यापेक्षा सगळे सिलिंडर एकमेकांच्या जवळ असणं महत्त्वाचं. एक जरी बाकीच्यांपेक्षा 15 टक्क्यांनी खाली असेल तर प्रश्न विचारायला हवेत.

वरच्या झाकणाचं पाझरणं: गॅस्केट स्वस्त, काम अर्ध्या-पाऊण तासाचं. सोडून द्या.

टक्-टक्: बाहेरचा सीव्ही जॉइंट, म्हणजे चाक फिरवणाऱ्या दांड्याचा चाकाजवळचा सांधा. रबरी टोपण फाटून ग्रीस गेलं असणार. मध्यम खर्च, लगेच बंद पडत नाही, पण फार ढकलू नका.

क्लच: प्लेट संपत आलीय. मोकळ्या रस्त्यावर वरच्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबा. इंजिनाचा आवाज चढला आणि वेग चढला नाही तर घसरतोय. या यादीतलं हे सगळ्यात मोठं बिल, भाव करताना हेच पुढे ठेवा.

गंज: जागा बघायला हवी. दारावर, बॉनेटवर असेल तर फक्त दिसायला वाईट. दाराखालची पट्टी हा गाडीच्या सांगाड्याचा भाग आहे. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकून बघा. टणक आवाज आला तर घासून रंग मारला की झालं. भुसभुशीत लागलं किंवा आत गेलं तर वेल्डिंग लागेल, आणि मग सस्पेन्शन जिथे बसतं त्या जागाही बघाव्या लागतील. तिथे गंज आत शिरला असेल तर एवढी फाइल असूनही मी गाडी सोडेन.

टायमिंग बेल्ट: पावती नाही म्हणजे बदललेला नाही, असंच धरायचं. मालक खोटं बोलतात असं नाही, आपल्याला तारीख कळत नाही एवढाच मुद्दा. बहुतेक गाड्यांत 60,000 ते 1,00,000 किमी किंवा ठरावीक वर्षं, जे आधी होईल ते. नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात मिळेल. बऱ्याच इंजिनांत बेल्ट तुटला की पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आदळतात आणि व्हॉल्व्ह वाकतात. मग हेड उतरवण्यावाचून इलाज नाही, या किमतीच्या गाडीत तिथेच कारभार आटोपतो. बेल्टसोबत त्याच्या पुली आणि वॉटर पंपही बदला, उघडायची मजुरी दोनदा जात नाही.

आकडेमोड:
भाव करताना एक करा. फिटरकडून या यादीतल्या क्लच, टायर, बेल्ट आणि जॉइंट या चार कामांचा खर्च कागदावर लिहून घ्या आणि तो कागद मालकांसमोर ठेवा. "शेवटचं किती?" यापेक्षा हे जास्त चालतं. वरच्या झाकणाचं पाझरणं, पोचा, उडालेला रंग यांचा उल्लेखही करू नका, त्याने समोरचा दुखावतो आणि पैसे सुटत नाहीत.

हळूचालवा:
ज्यांनी एवढी फाइल जपली त्यांच्याशी फार घासाघीस करू नये असं माझं मत.

आकडेमोड:
घासाघीस कसली, हिशेब दाखवायचा. ते स्वतः पावत्या लावणारे गृहस्थ आहेत, त्यांना कागद आवडेल.

दुसरा_मालक:
कागदपत्रांचं राहिलं. चासी क्रमांक 17 अक्षर-अंकांचा असतो, त्यात आय, ओ आणि क्यू ही अक्षरं कधीच नसतात. तो पत्र्यावर कोरलेला, पट्टीवरचा आणि नोंदणीच्या कागदावरचा, तिन्ही ठिकाणी तंतोतंत एक हवा. इंजिन क्रमांकही जुळवा. गाडीवर कर्ज होतं का, असेल तर फिटल्याचं पत्र आहे का. विकणाऱ्याचं नाव आणि कागदावरचं नाव एकच आहे ना. पैसे देण्याच्या दिवशीच नाव बदलायच्या अर्जावर सह्या, आणि पैसे शक्यतो बँकेतून.

त्याच चासी क्रमांकावरून कंपनीकडे रिकॉल, म्हणजे सदोष भाग बदलण्यासाठी कंपनीने केलेलं बोलावणं, राहिलाय का विचारा. टाकाटा कंपनीच्या सदोष एअरबॅगचं प्रकरण आठवत असेल, एकट्या अमेरिकेत सुमारे 6.7 कोटी इन्फ्लेटर (एअरबॅग फुगवणारा भाग) परत बोलावले गेले. त्या एअरबॅग उघडताना धातूचे तुकडे उडायचे. जुन्या गाड्यांत अजूनही न बदललेल्या सापडतात. रिकॉलचं काम सहसा कंपनी फुकट करते, गाडी कितव्याही मालकाकडे असो.

पहाटपाळी:
मोकळ्या रस्त्यावर चालवली, काटा मध्यावर, कूलंट हिरवं स्वच्छ. कॉम्प्रेशन चारही सिलिंडरांचं 12 च्या आसपास आलं. पट्टी ठोकली, टणक. क्लच घसरत नाही, पण फिटर म्हणतो वर्ष काढेल न काढेल. कागद समोर ठेवला तर मालकांनी चष्मा लावून एकेक ओळ वाचली, टायरच्या ओळीवर "मीच बदलणार होतो" म्हणाले आणि क्लच आणि टायर असे दोन्ही आकडे किमतीतून वजा केले. बेल्ट नाही केला, तो बदललाय यावर ठाम आहेत. रिकॉल काही नाही. घेतेय. आधी कुठलं काम करू?

ग्रीसचे_हात:
अभिनंदन ताई! बेल्ट, पुली, वॉटर पंप आधी, तोवर कामावर नेऊ नका. त्याच दिवशी तेल, फिल्टर, कूलंट. मग टायर, निदान पुढचे दोन आणि मागचे दोन एकाच कंपनीचे. ब्रेक ऑइल त्याच खेपेत, ते हवेतली ओल शोषतं म्हणून साधारण दर दोन वर्षांनी बदलायचं असतं. जॉइंट त्यानंतर. क्लच घसरायला लागेल तेव्हा.

मागच्या_सीटवरून:
मी पण शोधतेय, माझ्या यादीतल्या गाडीला बेल्ट नाही, चेन आहे म्हणे. म्हणजे त्या खर्चातून सुटका?

ग्रीसचे_हात:
ठरावीक किलोमीटरला बदलायच्या खर्चातून सुटका, पण चेन तेलावर जगते. तेल उशिरा बदललेल्या गाडीत चेन ताणते. थंड इंजिन सुरू करताना पहिले काही सेकंद कान द्या, पुढून साखळी खळखळल्यासारखा आवाज आला आणि मग थांबला तर चेन किंवा तिला ताणून धरणारा टेन्शनर थकलाय. चेनचं काम बेल्टपेक्षा बरंच महाग पडतं. गाडी कुठली आणि कुठल्या सालची ते लिहा, मग बघू.